बिऱ्हाड पाठीवर, शेजार मागे : मुक्तस्रोत प्रकल्पांच्या स्थलांतराची चिकित्सा

प्रस्तावना

मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद मांडले जातात, त्यांत स्वातंत्र्य हा शब्द केंद्रस्थानी असतो. सोर्स कोड सर्वांना खुला आहे, त्याची प्रत कोणालाही घेता येते, तीत बदल करता येतो आणि बदललेली प्रत पुन्हा वितरित करता येते. म्हणून असा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीच्या वा संस्थेच्या ताब्यात अडकून पडत नाही, असे हे प्रतिपादन आहे. ज्या यजमान सेवेवर प्रकल्प ठेवला आहे ती सेवा पसंत नसेल, तर प्रकल्पाने आपले सामान उचलावे आणि दुसरीकडे जावे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण या कल्पनेला तंतोतंत लागू पडते.

गेल्या पंचवीस वर्षांत अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांनी असे मुक्काम हलविले. सोर्सफोर्ज, गूगल कोड, बिटबकेट, गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग ही त्या मुक्कामांची नावे होत. या स्थलांतरांविषयी जे लेखन आढळते, ते बहुतांशी तांत्रिक मार्गदर्शनाच्या स्वरूपाचे असते. कोणती आज्ञा द्यावी, कोणते साधन वापरावे, किती वेळ लागेल, यांची उत्तरे त्यात मिळतात. परंतु स्थलांतरात नेमके काय हलले आणि काय हलले नाही, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाचे स्थलांतर मुख्य उदाहरण म्हणून घेतले असून, तुलनेसाठी फायरफॉक्स, झिग आणि जीनोम या प्रकल्पांचा विचार केला आहे. मुक्तस्रोत परवाना सोर्स कोडचे स्वातंत्र्य राखतो, परंतु प्रकल्पाच्या स्मृतीचे स्वातंत्र्य राखत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यामुळे स्थलांतराचे मूल्यमापन ते किती सहज झाले यावरून न करता, मागे काय राहिले यावरून केले पाहिजे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

व्हर्जन कंट्रोल म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. एखाद्या प्रकल्पाच्या सोर्स कोडमध्ये कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची क्रमवार नोंद ठेवणारी ही व्यवस्था आहे. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ती समजावयास अवघड नाही. चिकित्सक आवृत्तीत मुख्य संहितेखाली पाठभेद नोंदविलेले असतात. आवृत्ती-नियंत्रणात प्रत्येक पाठभेद हा बदल करणाऱ्याच्या नावासह, तारखेसह आणि बहुधा एका कारणवाक्यासह जतन होतो. अशा प्रत्येक नोंदीला 'कमिट' म्हणतात, आणि सर्व नोंदींच्या भांडाराला 'रेपॉझिटरी'.

सीव्हीएस आणि सबव्हर्जन या जुन्या पद्धतींत हा इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असे. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या विकासकांना बिटकीपर या खाजगी प्रणालीच्या मोफत वापराची सवलत बंद झाली. त्यातून लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही प्रणाली निर्माण केली, आणि त्याच सुमारास मर्क्युरिअल ही दुसरी प्रणाली पुढे आली. या दोन्ही विकेंद्रित प्रणाली आहेत. भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः संपूर्ण इतिहास येतो. ज्या घटनेतून गिटचा जन्म झाला, ती घटना यजमानाच्या मर्जीवर अवलंबून राहण्याच्या धोक्याचीच होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

यजमान सेवा या भांडाराला आंतरजालावर जागा देते. परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. दोषांची व सूचनांची नोंदवही, प्रस्तावित बदल मांडण्याची 'पुल रिक्वेस्ट' ही सोय, त्यावरील परीक्षणे, स्वयंचलित चाचण्या, सदस्यांची खाती, यांची भर ती घालते. हा सर्व मजकूर सामान्यतः गिटच्या भांडारात नसतो. तो सेवा चालविणाऱ्या संस्थेच्या विदागारात असतो. कमिट सांगते की बदल झाला. तो का झाला, कोणते पर्याय नाकारले गेले, कोणी विरोध केला आणि तो कसा मिटला, हे मात्र नोंदवहीतील चर्चेवरून कळते.

म्हणून स्थलांतराचा विचार चार अंगांनी करणे सोयीचे ठरते: कोड व त्याचा इतिहास, चर्चा, बोलणाऱ्यांची नावे, आणि पत्ते, म्हणजे नोंदींचे क्रमांक व दुवे. यांतील पहिले अंग हे बिऱ्हाड, तर उरलेली तीन अंगे हा शेजार होय. बिऱ्हाड पाठीवर घेता येते. शेजार घेता येत नाही.

पायथनचे मुक्काम

गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत निर्माण केलेली पायथन ही भाषा १९९१ मध्ये सार्वजनिक झाली. आज तिच्या गिट भांडारातील सर्वांत जुनी नोंद ऑगस्ट १९९० ची आहे. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळाचा कोडचा इतिहास अनेक यंत्रणा पार करून टिकला आहे. पहिल्या अंगापुरते पाहता हे यश निर्विवाद आहे.

मे २००० मध्ये पायथनचे सीव्हीएस भांडार सोर्सफोर्जवर गेले. १९९९ मध्ये सुरू झालेली ही सेवा त्या काळी मुक्तस्रोत प्रकल्पांचे प्रमुख ठिकाण होती. या स्थलांतराचा लाभ पायथन २.० च्या अधिकृत परिचयात नोंदविलेला आहे. पूर्वी भांडारात थेट बदल करण्याचा अधिकार सुमारे सात जणांना होता. सप्टेंबर २००० पर्यंत ही संख्या २७ झाली. नव्या मुक्कामामुळे अधिकाराचे वाटप विस्तारले. स्थलांतर म्हणजे केवळ हानी, असे म्हणता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पुढे २००५ मध्ये प्रकल्पाने सबव्हर्जन स्वीकारले आणि भांडार स्वतःच्या सर्व्हरवर आणले. नोंदवहीचा प्रश्न त्यानंतर आला. २००६ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या समितीसमोर दोन प्रमुख पर्याय होते. जिरा ही व्यापारी प्रणाली होती आणि तिच्या देखभालीसह मोफत सेवेची तयारी दर्शविली गेली होती. राउंडअप ही मुक्तस्रोत प्रणाली होती, पायथनमध्येच लिहिलेली होती. परंतु तिच्या देखभालीसाठी स्वयंसेवक लागणार होते. पुरेसे स्वयंसेवक पुढे आले तर राउंडअप, अशी अट घालण्यात आली. स्वयंसेवक पुढे आले, आणि २००७ मध्ये प्रकल्पाची स्वतःची नोंदवही सुरू झाली. स्वातंत्र्याची किंमत श्रमात मोजावी लागते, आणि ती मोजण्याची तयारी त्या वेळी समुदायाने दाखविली.

२०११ मध्ये सबव्हर्जनकडून मर्क्युरिअलकडे स्थलांतर झाले. हेही स्वतःच्याच सर्व्हरवर होते. त्यानंतर १० फेब्रुवारी २०१७ रोजी भांडार गिटहबवर गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये नोंदवहीही तेथे गेली. थोडक्यात, सतरा वर्षांत हा प्रकल्प पाहुण्याच्या घरातून स्वतःच्या घरात आला आणि स्वतःच्या घरातून पुन्हा पाहुण्याच्या घरात गेला. या परतीच्या प्रवासाची कारणे तपासणे आवश्यक आहे.

परिचयाचा युक्तिवाद

पायथनमधील मोठे बदल 'पेप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखी प्रस्तावांद्वारे चर्चिले जातात. त्यामुळे या निर्णयाची बाजू आणि प्रतिबाजू दोन्ही आज वाचावयास मिळतात, ही अभ्यासकाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. निक कॉघलन यांनी पेप ४७४ मध्ये प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर मुक्तस्रोत यजमान प्रणाली चालविण्याचा प्रस्ताव मांडला होता. बॅरी वॉर्सॉ यांच्या पेप ५०७ मध्ये गिटलॅबचा पुरस्कार होता. हे दोन्ही मार्ग मागे पडले आणि जानेवारी २०१६ मध्ये ब्रेट कॅनन यांनी गिटहबच्या बाजूने निर्णय जाहीर केला. कारणे तीन होती: दोन्ही सेवांत निर्णायक फरक ठरेल असे वैशिष्ट्य नाही, मुख्य विकासकांचा आणि बाहेरील योगदानकर्त्यांचा गिटहबशी परिचय आहे, आणि व्हॅन रॉसम यांची पसंती गिटहबला आहे.

यांतील परिचयाचा युक्तिवाद सर्वांत प्रभावी असला, तरी तोच सर्वांत तपासणीयोग्यही आहे. परिचय हा सेवेचा स्वाभाविक गुण नव्हे; तो आधी आलेल्या प्रकल्पांनी निर्माण केलेला परिणाम आहे. जेथे गर्दी आहे तेथे बाजार, आणि जेथे बाजार आहे तेथे गर्दी, असे हे चक्र आहे. पायथनसारखा मोठा प्रकल्प परिचयाच्या कारणावरून एखाद्या सेवेकडे जातो, तेव्हा तो पुढच्या प्रकल्पासाठी तेच कारण अधिक बळकट करतो. म्हणजे ज्या कारणाने निर्णय घेतला, त्या कारणाचा तो प्रकल्प स्वतःच एक निर्माता ठरतो. लहान प्रकल्पाला हे चक्र मोडणे शक्य नसते. मोठ्या प्रकल्पाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, म्हणून त्याची जबाबदारीही वेगळी आहे.

दुसरा आक्षेप परतीच्या वाटेविषयी आहे. यजमान ही स्थिर गोष्ट नव्हे. पायथनचे भांडार गिटहबवर गेल्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज अमेरिकी डॉलरना गिटहब खरेदी केले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खाजगी भांडारांवर व सशुल्क सेवांवर मर्यादा आल्या. सार्वजनिक भांडारे खुली राहिली, आणि इराणच्या बाबतीत जानेवारी २०२१ मध्ये परवाना मिळून सेवा पूर्ववत झाली. परंतु मुक्तस्रोत परवान्यात देशाचे नाव नसते, यजमानाला मात्र आपल्या देशाचा कायदा लागू असतो, ही बाब या घटनेने स्पष्ट झाली. यातले काहीही २०१६ मध्ये ठाऊक असणे शक्य नव्हते, हे खरे. तथापि पुढे काय घडेल हे ठाऊक नसते, म्हणूनच परतीच्या वाटेचा विचार आधी करावयाचा असतो.

नावे आणि क्रमांक

२०१७ ते २०२२ या पाच वर्षांत पायथनचा कोड गिटहबवर आणि नोंदवही स्वतःच्या सर्व्हरवर अशी विभागणी होती. ही विभागणी गैरसोयीची असली, तरी तिच्यात एक शहाणपण होते: जे सहज हलते ते यजमानाकडे, जे सहज हलत नाही ते स्वतःकडे. पेप ५८१ या मारिएटा यांच्या प्रस्तावाने ही विभागणी संपवावी असे सुचविले. राउंडअपची देखभाल करणारे हात थोडे आहेत, नव्या योगदानकर्त्यांना ती अवघड वाटते, ही त्यामागील कारणे वास्तव होती. त्याला उत्तर म्हणून एझिओ मेलोत्ती आणि बर्कर पेक्साग यांनी पेप ५९५ मध्ये जुनी नोंदवहीच सुधारावी असा पक्ष मांडला. मे २०१९ मध्ये पेप ५८१ स्वीकारला गेला. पेप ५९५ नाकारला गेला. पुढे २०२१ मध्ये फाउंडेशनने या स्थलांतराचे काम पाहण्यासाठी नेमणूक केली ती मेलोत्ती यांचीच. ज्याने राहते घर दुरुस्त करावे असे म्हटले, त्याच्याच हातून ते घर नीटपणे रिकामे झाले. या प्रसंगात समुदायाची प्रगल्भता दिसते, आणि काय गमावले जाऊ शकते याची जाण असलेल्या माणसाकडेच हे काम गेले, हेही दिसते.

तरीही दोन गोष्टी तशाच्या तशा हलल्या नाहीत. पहिली क्रमांकांची. गिटहबवर नोंदी आणि पुल रिक्वेस्ट यांना एकच क्रमांकमालिका असते. २०१७ पासून आलेल्या हजारो पुल रिक्वेस्टनी त्या मालिकेतील क्रमांक आधीच व्यापले होते. त्यामुळे जुन्या नोंदींना त्यांचे मूळ क्रमांक मिळू शकले नाहीत. प्रत्येकीला नवा क्रमांक द्यावा लागला. कमिटमध्ये, कोडमधील टिपांत, बाहेरच्या लेखांत आणि पुस्तकांत जुने क्रमांक मात्र कायम आहेत. प्रत्येक हललेल्या नोंदीच्या माथ्यावर जुना क्रमांक लिहिला गेला आणि जुनी नोंदवही वाचनापुरती ठेवण्यात आली, ही काळजी स्तुत्य आहे. परंतु जुना पत्ता चालू राहणे हे आता जुना सर्व्हर चालू राहण्यावर अवलंबून आहे. घर बदलले, आणि टपाल वळविण्यासाठी जुने घरही सांभाळावे लागले.

दुसरी गोष्ट नावांची. ज्या जुन्या सहभागींच्या खात्यांची गिटहबवरील खात्यांशी जोड होती, त्यांची मते त्यांच्याच नावाने नव्या जागी आली. ज्यांची जोड नव्हती, त्यांच्या नावापुढे नव्या नोंदवहीत 'मॅनिकिन' असा शब्द दिसतो. मॅनिकिन म्हणजे कापडाच्या दुकानात वस्त्रे नेसवून उभा केलेला पुतळा. मजकूर त्याच व्यक्तीचा आहे, तारीखही तीच आहे. पण बोलणारा नव्या यजमानाचा सदस्य नसल्यामुळे तो माणूस न राहता पुतळा झाला आहे. हा शब्द तांत्रिक सोयीसाठी निवडलेला असेल. तथापि त्यातून व्यक्त होणारा अर्थ गंभीर आहे. सार्वजनिक ज्ञानात भर घातलेल्या व्यक्तीची ओळख आता एका कंपनीकडे तिचे खाते आहे किंवा नाही यावर ठरते. मुक्तस्रोत क्षेत्रात मोबदला बहुधा मिळत नाही. श्रेय हीच तेथील मिळकत असते. ज्याने काम सोडले, जो निवृत्त झाला किंवा ज्याचे निधन झाले, त्याच्या वतीने नवे खाते कोण उघडणार?

तुलना : तीन वेगळे मार्ग

पायथनने निवडलेला मार्ग हा एकमेव मार्ग होता काय, हे पाहण्यासाठी अन्य प्रकल्पांकडे वळणे उपयुक्त ठरेल.

मोझिलाने मे २०२५ मध्ये फायरफॉक्सचे मुख्य भांडार मर्क्युरिअलमधून गिटमध्ये आणि गिटहबवर नेले. परंतु दोषांची नोंद बगझिला या मोझिलाच्या स्वतःच्या नोंदवहीत आणि बदलांचे परीक्षण फॅब्रिकेटरवर पूर्वीप्रमाणे चालू ठेवले. गिटहबवरील पुल रिक्वेस्ट स्वीकारावयाच्या नाहीत असे ठरविले. १९९८ पासून चालत आलेली बगझिलाच्या क्रमांकांची मालिका त्यामुळे अखंड राहिली. येथे यजमानाला फक्त बिऱ्हाड दिले गेले. मोझिलाचा पूर्वेतिहास मात्र निर्दोष नाही. २००७ मध्ये सीव्हीएसमधून मर्क्युरिअलमध्ये जाताना जुना इतिहास नव्या भांडारात आणला गेला नाही. परिणामी त्यापूर्वी लिहिलेल्या ओळींचा कर्ता शोधू गेल्यास मर्क्युरिअलमध्ये आयात करणाऱ्या एकाच सामायिक खात्याचे नाव दिसते. कित्येक वर्षांचे अनेकांचे कर्तृत्व एका खात्यात विरघळले. अठरा वर्षांनंतरच्या सावधपणाला या अनुभवाची पार्श्वभूमी आहे, असे निश्चित सांगता येत नसले, तरी दोन घटना शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

झिग या तुलनेने लहान भाषेने नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून कोडबर्गकडे जाण्याचे जाहीर केले. कोडबर्ग ही बर्लिन येथील नोंदणीकृत ना-नफा संघटनेची सेवा आहे. स्वयंचलित चाचण्यांच्या सेवेतील दोष आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे झुकलेले गिटहबचे धोरण, ही कारणे प्रकल्पाच्या प्रमुखांनी दिली. जुन्या नोंदी सरसकट न हलविता त्या जागीच राहू द्याव्यात, आणि नव्या जागी क्रमांकांची सुरुवात ३०००० पासून करावी, असा तोडगा झिगने काढला. त्यामुळे कोणताही क्रमांक दोन नोंदींना लागू होत नाही. उपाय साधा असला, तरी त्यामागे पत्त्याविषयीची जाण आहे. मात्र जुनी चर्चा ज्या यजमानाला सोडले त्याच्याच दारी राहिली, ही या मार्गाची मर्यादा होय.

तिसरा मार्ग जीनोमचा. या प्रकल्पाने २०१८ मध्ये गिटलॅबची मुक्तस्रोत आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसविली. डेबियननेही त्याच वर्षी असाच मार्ग धरला. लक्षणीय बाब अशी की, स्थलांतरापूर्वी या दोन समुदायांच्या मागणीवरून गिटलॅबने २०१७ मध्ये बाहेरील योगदानकर्त्यांना घातलेली कराराची अट बदलली. मोठा प्रकल्प हा केवळ ग्राहक नसतो, त्याला वाटाघाट करता येते, हे येथे सिद्ध झाले. पायथनपाशी ही शक्ती नव्हती असे म्हणता येणार नाही.

याशिवाय एक चौथी शक्यताही आहे. डी. रिचर्ड हिप यांची फॉसिल ही प्रणाली नोंदी आणि माहितीपाने भांडाराच्या आतच ठेवते. त्यांचा एसक्यूलाइट हा विदागार-प्रकल्प २००९ पासून फॉसिलवर आहे. कोड हलतो आणि चर्चा हलत नाही, ही तंत्रज्ञानाची अपरिहार्यता नसून रचनेची निवड आहे, एवढे सिद्ध करण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रतिपक्षाचा विचार

वरील विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, स्वतःचे घर म्हणजे सुरक्षितता हे गृहीतक भाबडे आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. गिटोरियस ही मुक्तस्रोत प्रणालीवर चालणारी सेवा होती. २०१५ मध्ये ती गिटलॅबने विकत घेतली आणि त्याच वर्षी बंद झाली. सेवेचा कोड खुला असल्यामुळे सेवा टिकली नाही. दुसऱ्या बाजूला, मोठी कंपनी टिकेल याचीही हमी नसते. गूगल कोड बंद होणार असल्याचे १२ मार्च २०१५ रोजी जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअलचा आधार काढून घेतला. तेथील सार्वजनिक मर्क्युरिअल भांडारे इनरिया या फ्रेंच संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहालयाने वाचविली. मोठी कंपनी आणि लहान संघटना हे दोन्ही यजमान मर्त्य आहेत.

सोडून दिलेला पत्ताही निरुपद्रवी राहतोच असे नाही. जिम्प या चित्रसंपादन-प्रकल्पाने २०१३ मध्ये सोर्सफोर्ज सोडले होते. मे २०१५ मध्ये तेथील त्याच्या जुन्या पानावरून विंडोजसाठीची प्रत जाहिरातींच्या जोडसामग्रीसह दिली जात असल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये सोर्सफोर्जची मालकी बदलल्यावर ही पद्धत बंद करण्यात आली. तथापि नाव आणि पत्ता यांवरील हक्क परवान्यात लिहिलेला नसतो, हा धडा त्यातून मिळाला.

पायथनच्या निर्णयाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००६ मध्ये पुढे आलेले स्वयंसेवकांचे बळ पुढील दशकात तसेच राहिले नाही. नोंदवही चालविणाऱ्या थोड्या हातांवर भार टाकून स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणे हेही न्याय्य नव्हे. नव्या मुक्कामामुळे नवख्या माणसाला योगदान देणे सुलभ झाले, हा लाभ खरा आहे. स्थलांतराच्या आराखड्यात, म्हणजे पेप ५८८ मध्ये, गिटहबवरील माहितीची राखीव प्रत घेण्याचा उल्लेखही आढळतो. परंतु राखीव प्रत आणि नांदते घर यांत अंतर आहे. प्रत सुरक्षित ठेवता येते. तिच्यात लोक बोलू शकत नाहीत, तिच्यातील दुवे उघडत नाहीत, आणि तिच्यातील माणसे पुतळेच राहतात. म्हणून २०२२ च्या स्थलांतरावरील आक्षेप ते झाले यावर नाही. ते करताना चर्चा, नावे आणि पत्ते ही प्रकल्पाची मालमत्ता आहे असे न मानता यजमानाच्या रचनेत बसेल तेवढे घेतले गेले, यावर तो आहे.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न केवळ परदेशी प्रकल्पांचा नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय संगणकप्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी ओपनफोर्ज हे स्वतंत्र व्यासपीठ उभारले. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील फॉसी प्रकल्प महाविद्यालयांत मुक्तस्रोत साधनांचा, त्यांत पायथनचाही, प्रसार करतो. त्याच्या प्रणालींचा कोड मात्र गिटहबवर आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकल्प-अहवालात दिलेला दुवा, संशोधन-निबंधात उल्लेखिलेला एखाद्या नोंदीचा क्रमांक, शिक्षकाने वर्गात दाखविलेली एखादी चर्चा, या सर्वांचे आयुष्य यजमानाच्या आयुष्याशी बांधलेले आहे. संदर्भ तपासता येणे ही संशोधनाची किमान अट मानली जाते. ती अट पाळावयाची तर कोडबरोबर चर्चेचीही प्रत कोठे ठेवली आहे, हे विचारण्याची सवय अध्यापकांनी आणि मार्गदर्शकांनी लावून घेणे आवश्यक आहे.

समारोप

वरील चिकित्सेतून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड यजमानापासून बव्हंशी स्वतंत्र झाला आहे. गिटसारख्या प्रणालींचे हे मोठे कार्य आहे. परंतु प्रकल्पाची स्मृती, म्हणजे चर्चा, नावे आणि पत्ते, अद्याप यजमानाच्या स्वाधीन आहे. परिचयाचा युक्तिवाद लहान प्रकल्पाला क्षम्य ठरतो. मोठ्या प्रकल्पाने तो करताना आपणच त्या परिचयाचे कर्ते आहोत याचे भान ठेवले पाहिजे. फायरफॉक्सने नोंदवही स्वतःकडे ठेवली, झिगने क्रमांकांची टक्कर टाळली, जीनोमने अटी बदलून घेतल्या. यांतील कोणताही मार्ग परिपूर्ण नाही. पण प्रत्येकात हलण्यापूर्वी कशाला जपावयाचे याचा विचार झालेला दिसतो.

पायथनचा कोड १९९० पासून आजवर सलग वाचता येतो. तो तसा का लिहिला गेला हे सांगणारी माणसे मात्र नव्या नोंदवहीत काही ठिकाणी पुतळ्यांच्या रूपात उभी आहेत. पुढील स्थलांतर केव्हा ना केव्हा होईलच, कारण कोणताही यजमान कायमचा नसतो. त्या वेळी पाठीवर किती सामान बसले एवढेच न पाहता, सामान ज्यांनी जमविले त्यांची नावे सोबत आली किंवा नाही, हे प्रथम पाहिले जावे.